नोंद म्हणजे हुकूम नाही

वकील संघाच्या हॉलमध्ये नुसरत इनामदारची शोकसभा झाली, तेव्हा अध्यक्षांनी ठराव वाचून दाखवला. त्यात तिला 'मृदुभाषी, मनमिळाऊ आणि सर्वांना सांभाळून घेणाऱ्या' असं म्हटलं होतं. मी शेवटच्या रांगेत बसले होते. माझ्या शेजारी तिच्याविरुद्ध अनेक दावे लढलेले एक वकील होते. त्यांना असा ठसका लागला की ते उठून बाहेरच गेले. त्यांच्यामागून मीही गेले. व्हरांड्यात ते रुमालानं डोळे पुसत होते. हसत होते की रडत होते, कळायला मार्ग नव्हता.

"मृदुभाषी?" ते म्हणाले. "मॅडम, तिनं भर कोर्टात मला 'वकीलसाहेब, वाचून येत जा' असं ऐकवलं होतं. जज्जसाहेब म्हणायच्या आधी!"

तो ठराव कुणीतरी कुणाच्या तरी जुन्या ठरावावरून उतरवला असणार. नुसरतला कळलं असतं तर तिनं तिथल्या तिथं उभं राहून दुरुस्ती मागितली असती. आता ती नाही, म्हणून मी मागते.

नुसरत मृदुभाषी नव्हती. तिचा आवाज वैजापूरच्या मार्केट यार्डात घडला होता. वडिलांची तिथं कांद्याची अडत. लिलावाच्या गलक्यात अब्बांना जेवायला हाक मारायची, तर पोरीला छातीतून ओरडावंच लागायचं. ती सवय कायद्याच्या पदवीलाही मोडता आली नाही. आम्ही एका ऑफिसात होतो तेव्हा डबा खाताना ती "हळू सांगते हं" म्हणून माझ्या कानाशी वाकायची आणि साहेबांबद्दल काहीतरी बोलायची. पाठोपाठ बंद केबिनमधून साहेबांचं खाकरणं ऐकू यायचं.

मनमिळाऊही नव्हती. लग्नकार्यात ती जेवायला बसली की शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या राहत. लोकांना वाटे, ही आता आपल्या घराच्या कागदपत्रांबद्दल विचारणार. आणि ती खरंच विचारायची.

आम्ही एका बँकेच्या विभागीय कार्यालयात बरोबर होतो. मी कर्ज विभागात, ती कायदा अधिकारी. त्या सुमाराला तारणाच्या नोंदी संगणकावर करायचं नवं काम आमच्याकडं आलं होतं. आधी घर-जमिनीचं, मग यंत्रांचं. एखाद्या कारखान्यानं मशीन गहाण ठेवून कर्ज घेतलं, की त्या मशीनवर आमचा हक्क आहे असं देशाच्या मध्यवर्ती नोंदणीत ऑनलाइन टाकायचं. मग पुण्यातला असो की परदेशातला, कुणीही थोडी फी भरून शोध घेऊ शकतो, की ह्या मशीनवर कुणाचा बोजा आहे का. ज्याची नोंद आधी, त्याचा हक्क आधी. आम्हा बहुतेकांना ही आणखी एक स्क्रीन भरायची कटकट वाटली. नुसरत मात्र खूश झाली.

"माधुरी, हा लिलावच आहे बघ," ती म्हणाली. "चारचौघांत ओरडून सांगितलेलं. पण ऐकणाऱ्याला ऐकू आलं पाहिजे. तोंडातल्या तोंडात पुटपुटलेली बोली अब्बा कधीच धरत नव्हते."

तेव्हापासून तिच्या पर्समध्ये एक जुना टूथब्रश आणि बोटाएवढी टॉर्च आली. कुठलाही अधिकारी मशीनच्या नोंदीसाठी कागद घेऊन आला, की तिचा पहिला प्रश्न असे, "प्लेट पाहिली?" प्लेट म्हणजे मशीनच्या अंगावर ठोकलेली पत्र्याची पट्टी, जिच्यावर त्याचा नंबर कोरलेला असतो. अधिकारी म्हणायचा, नंबर बिलावर आहे की. नुसरत कागद परत सरकवायची. "बिल मालकाच्या तोंडचं. प्लेट मशीनच्या तोंडची. मशीनला विचारून या."

एकदा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी तिच्याबरोबर गेले होते. मालक मोठा, गावातला वजनदार माणूस. त्यानं आम्हाला केबिनमध्ये बसवलं, काजू-बदाम मागवले. "मॅडम, तुम्ही कशाला खाली जाता? ऑइल लागंल कपड्यांना." नुसरतनं ओढणी कमरेला गाठ मारून बांधली, खाली शेडमध्ये गेली आणि भिंत आणि मशीन यांच्या फटीत आडवी शिरली. आम्हाला बाहेरून तिच्या चपला तेवढ्या दिसत होत्या आणि ब्रश घासल्याचा आवाज येत होता. बाहेर आली तेव्हा गालावर ग्रीस. मालकाला म्हणाली, "भाऊ, बिलावरचं मशीन कुठंय? हे त्याचं थोरलं भावंड दिसतंय. बरंच थोरलं." मालकानं काजूची बशी स्वतःच्या हातानं उचलून नेली. कर्ज नामंजूर झालं.

कागद ती नेहमी उभ्यानं वाचायची, खिडकीपाशी. "बसून वाचलं की माणूस मान डोलवायला लागतो," असं तिचं म्हणणं. शहराचं नाव बदललं तेव्हा आमच्या ऑफिसात पत्ता कसा लिहायचा यावर चहाच्या वेळी बरीच गरमागरमी झाली. नुसरतनं चर्चेत भाग घेतला नाही. तिनं तिच्या सगळ्या नोंदींत दोन्ही नावं टाकायला सुरुवात केली. साहेबांनी हटकलं तर म्हणाली, "शोधणारा कुठल्या नावानं शोधील, मला काय माहीत? मी दार दोन्हीकडनं उघडं ठेवते."

तिनं बँक सोडली ती एका सहीवरून. नवे साहेब आले होते. एका शेडमधल्या झाडून सगळ्या मशीनांवर बँकेचा बोजा टाका, असा त्यांचा आदेश. त्यातली काही मशीनं दुसऱ्याच कारखान्याची होती, कामापुरती तिथं आणून ठेवलेली. नुसरतनं तिची डिजिटल सही द्यायला नकार दिला.

"टाकून तर ठेवू," साहेब म्हणाले. "हरकत आली तर काढू."

"साहेब, तुमच्या बंगल्याच्या दारावर मी माझं नाव लिहिते. हरकत आली तर पुसू."

तिची बदली निघाली, लांब, विदर्भाच्या टोकाला. तिनं बदलीच्या पत्रावरच राजीनामा लिहिला. निरोपाच्या कार्यक्रमात कुणीतरी "जिथं जाल तिथं यश मिळो" म्हणालं, तर ती उठून म्हणाली, "लांब कुठं जाणार नाय मी. समोरच बसणार आहे." आणि खरंच, उस्मानपुऱ्यात बँकेच्या अगदी समोरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर तिनं खोली घेतली. साहेबांच्या केबिनची खिडकी उघडली की तिची पाटी दिसायची. साहेबांनी त्या खिडकीला पडदा लावला.

तिच्याकडं येणारे बहुतेक वाळूजचे छोटे कारखानदार. त्यातच लता जाधव आली. लता मूळची वैजापूरकडची. एका मोठ्या कंपनीत कित्येक वर्षं मशीन चालवत होती. कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा तिनं स्वतःची शेड भाड्यानं घेतली आणि कंपनीतूनच निघालेल्या डझनभर बायकांना घेऊन व्हॉल्व्हचे सुटे भाग बनवायला लागली. बुटकी, अंगानं भरलेली, बोलायला फटकळ. नुसरतला ती 'बाजी' म्हणायची आणि नुसरत तिला 'लताबाई'. दोघी बोलायला लागल्या की खालचा पानवाला वर बघायचा, भांडण लागलंय की काय म्हणून.

शहरातली एक परदेशी मालकीची कंपनी गाशा गुंडाळत होती. तिचं एक बाहेरून आणलेलं मशीन विकायला निघालं होतं. लताला ते हवं होतं. तिच्या बायकांपैकी निम्म्या जणी त्याच जातीच्या मशीनवर काम शिकलेल्या. लता नुसरतकडं आली. "बाजी, घेऊ का? त्याच्या मागं कुणाचं लफडं नाय ना?"

नुसरत स्वतः गेली, प्लेट घासली, नंबर टॉर्चखाली दोनदा वाचला. मग नोंदणीत शोध घेतला, आधी त्या नंबरानं, मग विकणाऱ्या कंपनीच्या नावानं. दोन्हीकडं कोरं. शोधाचा दाखला आला. तो लताच्या हातात देऊन नुसरत म्हणाली, "घ्या, लताबाई."

लतानं जवळचं सगळं घातलं आणि मशीन घेतलं. पूजेला आम्ही दोघीही होतो. लतानं मशीनला हार घातला, तेव्हा तिच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना आता दोन पाळ्यांचं काम मिळणार होतं.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी नुसरतच्या स्कूटरवर मागं बसून डोळ्यांच्या डॉक्टरांकडं निघाले होते. तेवढ्यात लताचा फोन आला. तिच्या गेटवर माणसं आली होती, मशीन न्यायला. बरोबर हायड्रा, म्हणजे माल उचलायची ती पिवळी क्रेन. नुसरतनं स्कूटर तशीच वाळूजच्या रस्त्याला घातली. माझे डोळे राहिले.

गेटवर वसुलीवाले पाच-सहा जण आणि त्यांचा म्होरक्या, पांढरा शर्ट, कानात फोनची वायर. आत लता आणि तिच्या बायका हातात नट आवळायचे लोखंडी पाने घेऊन उभ्या. म्होरक्याकडं एक छापील कागद होता. त्याचं म्हणणं असं: हे मशीन विकणाऱ्या कंपनीच्या परदेशातल्या मूळ कंपनीनं तिकडच्या एका वित्तसंस्थेकडून कर्ज घेतलं होतं, ह्याच मशीनच्या तारणावर. कर्ज फिटलं नाही. संस्थेनं आपला हक्क इथल्या, भारताच्या मध्यवर्ती नोंदणीत ऑनलाइन टाकलेला होता, लतानं घ्यायच्या आधी. म्हणजे मशीन त्यांचं.

नुसरतनं कागद घेतला आणि उभ्याउभ्या वाचला. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते. एका जागी तिचे डोळे थांबले. मग तिनं लताला खुर्ची मागितली. प्लास्टिकची खुर्ची आली. ती तिनं गेटच्या बरोबर मधे ठेवली, क्रेनच्या तोंडासमोर, आणि बसली.

"कोर्टाचा हुकूम दाखवा," ती म्हणाली.

"मॅडम, ही सरकारी नोंद आहे. सगळं ऑनलाइन आहे."

"दिसतंय मला. नोंद म्हणजे हुकूम नाही. तुम्ही सांगितलं की मशीन तुमचं, नोंदणीनं ते लिहून घेतलं. एवढंच झालंय. खरं-खोटं कोर्ट ठरवंल. हुकूम आणा, मी खुर्ची उचलते."

"मॅडम, आम्हाला वरनं सांगितलंय."

"मग वरच्याला खाली पाठवा."

म्होरक्यानं क्रेनवाल्याला हात केला. क्रेन गुरगुरली आणि हातभर पुढं आली. मी ओरडले, बायका ओरडल्या. नुसरत उठली नाही. तिनं मान वर करून चालकाकडं बघितलं. मध्यम वयाचा माणूस, डोक्याला गमछा.

"गाव कुठलं, भाऊ?"

"गंगापूर," तो म्हणाला.

"नाव?"

"रफिक."

"रफिकभाई, ह्यांचा माणूस माझ्या अंगावर गाडी घालणार नाय. ते तुम्हाला घालायला सांगतायत. उद्या कागदावर नाव तुमचं येईल, ह्यांचं नाय. घालता का?"

त्यानं म्होरक्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "नाय, बाजी," तो म्हणाला आणि त्यानं इंजिन बंद केलं. किल्ली काढून खिशात टाकली आणि बिडी ओढायला लांब, भिंतीच्या सावलीत जाऊन बसला. म्होरक्या त्याच्यामागं धावला, शिव्या दिल्या. रफिक बिडी ओढत राहिला.

पोलीस आले, त्यांनीही तेच विचारलं, हुकूम कुठंय. दुपारी ती माणसं निघून गेली. मग नुसरतनं आम्हाला तो कागद दाखवला. नोंदीतल्या मशीनच्या नंबरात शून्याच्या जागी कुणीतरी इंग्रजी 'ओ' अक्षर टाकलं होतं. डोळ्याला सारखंच दिसतं. संगणकाला नाही. म्हणून नंबरानं शोधलं तेव्हा काही निघालं नाही. आणि कर्ज परदेशातल्या मूळ कंपनीच्या नावावर, म्हणून इथल्या कंपनीच्या नावानंही निघालं नाही.

"म्हणजे आपलं बरोबर ना, बाजी?" लतानं विचारलं.

"आपण विचारलं होतं," नुसरत म्हणाली. "मोठ्यानं विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाय."

कोर्टाला ते तेवढं सोपं वाटलं नाही. खालच्या कोर्टानं निकाल वित्तसंस्थेच्या बाजूनं दिला. एका अक्षराची चूक किरकोळ, हक्क त्यामुळं बुडत नाही, असं त्यात म्हटलं होतं. वर अपील करायला मुदत दिली, तोवर मशीन हलवायचं नाही.

त्या दुपारी नुसरत माझ्याकडं आली. सोफ्यावर बसली. मी सरबत दिलं. तिनं निकालाची प्रत काढली आणि बसल्याबसल्याच वाचायला लागली. इतक्या वर्षांत तिला बसून कागद वाचताना मी पहिल्यांदा बघत होते, आणि मला भीती वाटली.

"मी चुकले असेन तर?" ती शेवटी म्हणाली. "लताबाईनं मला विचारलं होतं. मी 'घ्या' म्हणाले. तो दाखला नाय, माझा शब्द घेऊन तिनं मशीन घेतलं. मूळ कंपनी परदेशात आहे हे मला माहीत होतं, माधुरी. तिच्या नावानं शोधायला पाहिजे होतं का?"

मी म्हटलं, "लताला विचार."

लता दुसऱ्या दिवशी आपणहूनच तिच्या ऑफिसात आली. नुसरतनं तिला खुर्ची दिली आणि सरळ सांगितलं, की आपण हरू शकतो, दुसरा वकील बघायचा असेल तर मी कागद देते, मला राग नाही. लता ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बाजी, तुमी थकला असाल तर बसा घरी. म्या दुसरा वकील करणार नाय. मीच उभी राहीन जज्जासमोर. लई तर काय करतील? मला बोलता येत नाय व्हय?"

नुसरत हसायला लागली. खालचा पानवाला वर बघायला लागला, तेवढं हसली. अपील दाखल झालं.

ते प्रलंबित असतानाची एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. अशा नोंदणींचे नियम देशोदेशी एकसारखे असावेत म्हणून एका आंतरराष्ट्रीय समितीची ऑनलाइन बैठक होती. कुणीही नाव नोंदवून हजर राहू शकत होतं. नुसरतनं नाव नोंदवलं आणि साक्षीदार म्हणून मला बोलावलं. पडद्यावर चौकोनाचौकोनांत लोक, कुणाच्या मागं पुस्तकं, कुणाच्या मागं समुद्र. आमच्या मागं उस्मानपुऱ्याची पाण्याची टाकी. अध्यक्ष फार सभ्य गृहस्थ होते. प्रश्न विचारायची वेळ आली तशी नुसरतनं हात वर केला. कुणी बघितलं नाही. तिनं पुन्हा केला. मग माइक सुरू करून इंग्रजीत सरळ बोलायला लागली.

तिचं इंग्रजी व्यवस्थित होतं, फक्त वैजापुरी वेगानं. तिनं विचारलं, की कर्ज देणाऱ्यानं नोंद चुकीची केली आणि विकत घेणाऱ्यानं शोध बरोबर घेतला, तर नुकसान कुणी सोसायचं? नोंद करणारी संस्था मोठी, तिच्याकडं वकिलांची फौज. शोधणारी एक बाई, शेड भाड्याची. तुमच्या मसुद्यात ती बाई कुठं आहे?

अध्यक्ष हसून म्हणाले, प्रश्न फार मोलाचा आहे, आपण ह्यावर नंतर ऑफलाइन बोलू.

"साहेब, आम्ही ऑफलाइनच राहतो," नुसरत म्हणाली. "म्हणून तर इथं विचारतेय."

तिचा माइक बंद झाला. कुणी केला, कळलं नाही. तिनं सुरू केला. परत बंद झाला. मग तिनं तोच प्रश्न खालच्या चौकटीत लिहिला, पाठवला, आणि बैठक संपेपर्यंत पुन्हापुन्हा पाठवत राहिली. शेवटी एका चौकोनातल्या काळ्या बाईनं, ती कुठल्या देशाची होती मला आठवत नाही, स्वतःची वेळ आल्यावर म्हटलं, की माझा मुद्दा बाजूला ठेवते, त्या भारतातल्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या. अध्यक्ष गोंधळले. उत्तर काही मिळालं नाही. नुसरत मात्र संध्याकाळभर खूश होती. "बघितलंस? तिलापण कुणीतरी असंच बंद केलं असणार कधीतरी."

अपिलाची सुनावणी इथल्या खंडपीठात झाली. आदल्या दिवशी वित्तसंस्थेच्या मुंबईच्या वकिलांनी तिला कँटीनमध्ये बोलावलं. मी आणि लता बरोबर होतो. वकील अनुभवी, बोलायला गोड. त्यांनी प्रस्ताव ठेवला: मशीन लताबाईंनी ठेवून घ्यावं, संस्था दावा सोडून देईल, फक्त कोर्टाचा निकाल नको आणि तडजोडीचा बाहेर कुठं उल्लेख नको.

नुसरतनं तो प्रस्ताव लताला मराठीत नीट समजावून सांगितला. स्वतःचं मत घातलं नाही. "हे घेतलं तर मशीन आजच तुमचं. धोका संपला. उद्या उभं राहिलो तर जातंय का राहतंय, मी सांगू शकत नाय. तुम्ही ठरवा."

लतानं चहाचा कप बाजूला सरकवला. "आणि परत असं दुसऱ्या कुणाच्या गेटवर आले तर?"

"तर त्याला पहिल्यापासून लढावं लागंल."

"मंग नको," लता म्हणाली. "चोरासारखं कशाला ठेवून घेऊ? माझंय तर माझंय म्हणून लिहून द्या म्हणावं."

नुसरतनं मुंबईच्या वकिलांना इंग्रजीत एवढंच सांगितलं, "माझ्या अशिलाला निकाल पाहिजे." पण टेबलाखाली तिनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या वकिलांनी सुंदर युक्तिवाद केला. एक अक्षर, एक टंकलेखनाची चूक, हेतू स्पष्ट. नुसरत उभी राहिली. तिनं न्यायमूर्तींना विनंती केली, की माझ्या विद्वान मित्रांनी त्यांच्या स्वतःच्या अशिलाची नोंद, मशीनच्या प्लेटवरच्या नंबरानं, इथं आत्ता शोधून दाखवावी. न्यायमूर्तींनी त्यांच्याकडं बघितलं. त्यांच्या मदतनीसानं लॅपटॉप उघडला, नंबर टाकला. थांबला. पुन्हा टाकला. त्यानं वाकून वकीलसाहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं.

"काय निघालं?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"नोंद आढळली नाही, माय लॉर्ड," वकीलसाहेब म्हणाले.

"आपल्याला आपलीच नोंद सापडत नाही," न्यायमूर्ती म्हणाले, "तर ती जगाला दिलेली सूचना कशी म्हणायची?"

मूळ कंपनीच्या नावाचा मुद्दाही निघाला. नुसरतनं तो टाळला नाही. म्हणाली, "त्या नावानं मी शोधलं नाही, हे खरं. नंबर हाच मशीनचा चेहरा, असं समजून मी चालले. ते चुकीचं असेल तर चूक वकिलाची आहे, लताबाईची नाही." कोर्टानं ते ऐकून घेतलं.

काही दिवसांनी निकाल लागला. मशीन लताचं. नोंद शोधणाऱ्याला सापडत नसेल, तर ती त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही. संस्थेनं आपलं कर्ज मूळ कंपनीकडून वसूल करावं. लता कोर्टाच्या आवारातच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. तिच्या बायका शेड बंद करून आल्या होत्या. एका वार्ताहरानं नुसरतला विचारलं, "मॅडम, ह्या विजयाबद्दल दोन शब्द?" ती म्हणाली, "निकाल लांब आहे. आधी वाचून या." तो निकाल आता इतर राज्यांतले वकील दाखवतात, असं मी ऐकते. त्या सभ्य समितीच्या मसुद्यात काय झालं, मला माहीत नाही.

हा दावा घेतल्यापासूनच बड्या वित्तसंस्थांची कामं तिला मिळेनाशी झाली होती. त्याबद्दल मी काही म्हणाले तर ती म्हणायची, "बरंय. माझी उभ्यानं वाचायची सवय आहे, त्यांचे कागद लई लांब असतात."

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्या निकालाच्याच दिवशी. ती वैजापूरला भावाकडं निघाली होती. तिथंच पुढं काही दिवसांनी, सकाळी चहा पिताना तिचं हृदय थांबलं. पण त्या दिवशी तसलं काही दिसत नव्हतं. उन्हानं तोंड लाल झालेलं, काळा कोट हातावर. मी कोर्टाच्या फाटकाशी उभी होते. तिला जालना रोड ओलांडून पलीकडं रिक्षा धरायची होती. पोलिसांनी मधे बॅरिकेड लावलेलं, ओलांडायला लांबच्या सिग्नलपर्यंत जावं लागणार होतं.

"नुसरत, सिग्नलवरनं जा!" मी ओरडले.

तिनं ऐकलं असणार. बॅरिकेडच्या दोन पत्र्यांमधल्या फटीतून ती आडवी निघाली आणि हात वर करून रस्त्यात उतरली. एक एसटी कचकन थांबली. चालकानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ओ बाई, मरायचंय का?"

"थांबलास ना? मग झालं," ती म्हणाली आणि चालत राहिली.

पलीकडं एक शेअर रिक्षा उभी होती. मागच्या सीटवर तीन पुरुष आधीच दाटून बसले होते. नुसरत वाकली, त्यांना काहीतरी म्हणाली. तिघंही सरकले.